अंडरड्राइव्ह पुली ट्रकला बसवण्याआधी आणि बसवल्यानंतर

क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पुढच्या टोकावरची पुली लहान केली, किंवा पट्ट्यावर चालणाऱ्या एखाद्या घटकाची (अल्टरनेटर, वॉटर पंप, पंखा) पुली मोठी केली, की इंजिनाचे फेरे तेवढेच असूनही तो घटक पूर्वीपेक्षा सावकाश फिरू लागतो आणि त्याला फिरवण्यात जाणारी ताकद काही प्रमाणात वाचते. अंडरड्राइव्ह पुलीचे तत्त्व एवढेच आहे. डिझेलचा खर्च कमी करण्याचा उपाय म्हणून ट्रकमालक तिची चौकशी करतात, म्हणून ती कशी बसवावी आणि तिच्यामुळे काय बिघडू शकते, हे दोन्ही एकत्रच समजून घेतले पाहिजे.

प्रथम हिशोब पाहू. क्रँक पुली १८० मिमी आणि अल्टरनेटरची, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राची, पुली ६० मिमी असेल, तर इंजिन ६०० आरपीएमवर (मिनिटाला ६०० फेरे) आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी ठेवून नुसते चालू, असताना अल्टरनेटर १,८०० आरपीएमने फिरतो. क्रँक पुली १५० मिमीची केली की हाच आकडा १,५०० वर येतो. १२० मिमीच्या पुलीवरचा वॉटर पंप ९०० वरून ७५० वर उतरतो. पंखा आणि पंप यांना लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे वेग एक षष्ठांशाने घटला तर त्यांची शक्तीची गरज सुमारे ४२ टक्क्यांनी घटते, आणि विक्रेते दाखवतात तो आकर्षक आकडा येथूनच येतो. मात्र ही घट त्या पंख्याच्या आणि पंपाच्या वाट्याची आहे, संपूर्ण इंजिनाच्या डिझेल खपाची नव्हे. शिवाय व्हिस्कस हबवरचा, म्हणजे तापमानानुसार पकड घेणाऱ्या द्रवाच्या क्लचवरचा, पंखा इंजिन थंड असताना मुळातच पूर्ण वेगाने फिरत नाही, त्यामुळे अशा गाडीत वाचण्यासारखे फारसे शिल्लक राहत नाही.

या पुलीची खरी जागा शर्यतीच्या पेट्रोल इंजिनात आहे, कारण तेथे इंजिन बराच वेळ फार चढ्या फेऱ्यांवर असते. मालवाहू डिझेल ट्रक बहुतेक वेळ १,२०० ते १,८०० आरपीएमच्या आसपास चालतो, आणि आपल्या ठाणे, नवी मुंबई, उरणच्या भागात तर त्याचा मोठा वेळ उरणकडे बंदराच्या गेटबाहेर रांगेत, शीळफाट्यावर किंवा तुर्भ्याच्या बाजार समितीत गाडी लावण्याची वाट पाहण्यात जातो. म्हणजे बचत जेथे होते ते चढे फेरे कमी, आणि तोटा जेथे होतो ते आयडलिंग जास्त, असे हे गणित आहे. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की शहराच्या आणि बंदराच्या कामावरच्या ट्रकची क्रँक पुली बदलू नये. ज्याला प्रयोग करायचाच आहे, त्याने एकाच घटकाची पुली मोठी करावी आणि वॉटर पंप मूळ वेगाने चालू द्यावा.

काम हाती घेण्यापूर्वी पट्ट्यावर नेमके काय आहे, हे बॉनेट उघडून किंवा केबिन पुढे कलवून पाहावे. अनेक मोठ्या ट्रकांत ब्रेकचा एअर कॉम्प्रेसर आणि स्टिअरिंगचा पंप इंजिनाच्या गिअरवर चालतात, त्यामुळे पुली बदलल्याचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. याउलट बऱ्याच पिकअप आणि हलक्या डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच शाफ्टवर मागच्या बाजूला बसवलेला असतो. तेथे अल्टरनेटर सावकाश केला की ब्रेकच्या बूस्टरला (पेडल हलके करणाऱ्या भागाला) मिळणारा व्हॅक्यूमही सावकाश तयार होतो, आणि उतारावर लागोपाठ ब्रेक दाबताना पेडल कडक लागू शकते. घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या उतारावर भरलेली गाडी घेऊन उतरणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. अशा गाडीत अल्टरनेटरचा वेग कमी करू नये. हा मुद्दा तडजोडीचा नाही.

दुसरी तपासणी क्रँक पुलीची. डिझेल इंजिनात सिलिंडर पेटताना क्रँकला प्रत्येक वेळी पीळ बसतो. हा पीळ शोषून घेण्यासाठी पुढच्या पुलीतच रबराच्या कड्याचा किंवा घट्ट द्रवाचा डँपर, म्हणजे कंपन शोषणारा भाग, बसवलेला असतो. तो काढून त्या जागी अॅल्युमिनियमची हलकी, सलग पुली बसवली तर इंजिन सुरुवातीला नेहमीसारखेच चालते, पण क्रँकवर कंपनाचा ताण साठत जातो आणि बोल्ट सैल होण्यापासून क्रँक तुटण्यापर्यंत काहीही घडू शकते. लांब क्रँक असलेल्या सहा सिलिंडरच्या इंजिनात हा धोका सर्वांत मोठा आहे. मूळ डँपर स्वतंत्र असून पुली त्याच्यावर वेगळ्या बोल्टने बसत असेल, तरच फक्त पुली बदलण्याचा विचार करता येतो. काही इंजिनांत फेऱ्यांच्या सेन्सरसाठी दातांचे कडेही याच पुलीवर असते. नव्या पुलीवर ते नसेल तर ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, सिग्नल मिळत नाही.

यानंतर मूळ स्थितीचे आकडे वहीत लिहावेत, कारण ते नसतील तर पुढे कसलीच तुलना करता येणार नाही. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आयडलिंगला हेडलाइट, वायपर आणि ब्लोअर चालू ठेवून बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावे. २४ व्होल्टच्या गाडीत चार्जिंग व्यवस्थित असेल तर ते साधारण २७.५ ते २८.५ च्या दरम्यान, आणि १२ व्होल्टच्या गाडीत १३.८ ते १४.४ च्या दरम्यान दिसते. दुपारच्या उन्हात वीस मिनिटे उभ्या गाडीत तापमानाचा काटा कोठे स्थिरावतो, हेही नोंदवावे.

प्रत्यक्ष काम थंड इंजिनावरच करावे. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना लाकडी ठोकळे लावावेत, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी आणि पट्टा कोणत्या पुलीच्या वरून व कोणत्या पुलीच्या खालून जातो याचा फोटो घ्यावा. टेन्शनर (पट्टा ताणून धरणारी पुली) पान्याने मागे धरून पट्टा उतरवावा, आणि तो उतरलाच आहे तर टेन्शनर व आयडलर (पट्ट्याला फक्त वळण देणारी पुली) हाताने फिरवून त्यांचे बेअरिंग खरखरते का, तेही पाहावे. अल्टरनेटरचा नट काढताना शाफ्ट धरून ठेवणारे योग्य साधन वापरावे. पंख्याच्या पात्यांत पेचकस अडकवून नट सोडवण्याची सवय पाती वाकवते. क्रँकवरची पुली काढायचीच असेल तर पुलर (पुली ओढून काढायचे साधन) मधल्या हबच्या छिद्रांत बोल्ट लावून वापरावा. बाहेरच्या कडेला पंजे अडकवून ओढले तर डँपरचे रबर फाटते, आणि ते वरून पाहून कळतही नाही. पुली निघाल्यावर ऑइल सील जेथे घासते तेथे हबवर खाच पडली आहे का, हे नखाने तपासावे, आणि बसवताना सीलच्या ओठाला तेलाचे बोट लावावे. बोल्टचा टॉर्क (आवळण्याचा जोर) त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणेच द्यावा. काही क्रँक बोल्ट एकदाच वापरण्याचे असतात, ते नवेच घ्यावेत.

पट्ट्याची लांबी अंदाजाने घेऊ नये. पट्टा पुलीला साधारण अर्धा वेढा घालत असेल, तर व्यासातील फरकाला ३.१४ ने गुणून २ ने भागावे. १८० ची पुली १५० केली तर पट्टा सुमारे ४७ मिमीने लहान लागतो, म्हणजे ‘८ पीके १४२०’ अशा खुणेच्या आठ धारांच्या १,४२० मिमी पट्ट्याऐवजी १,३७३ च्या जवळचा माप शोधावा लागतो. अल्टरनेटरची ६० ची पुली ७० केली तर सुमारे १६ मिमी जास्त लांबी लागते. टेन्शनरचा काटा त्याच्यावरच्या खुणांच्या मधोमध येतो का, यावरून निवड पक्की करावी.

सर्व पुल्या एका रेषेत आहेत का, हे पाहण्यासाठी सरळ पोलादी पट्टी शेजारच्या दोन पुल्यांच्या तोंडावर टेकवावी आणि कोठे फट दिसते ते उजेडात पाहावे. इंजिन चालू केल्यावर पट्ट्यातून चिवचिव आली तर धारांच्या बाजूवर हात दूर ठेवून थोडे पाणी उडवावे. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या रेषेत नाहीत, आणि आवाज वाढला तर ताण कमी आहे. मूळ डँपर कायम असेल तर हब आणि बाहेरचे कडे यांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. काही दिवसांनी ती तुटलेली दिसली तर रबर घसरले आहे, असे समजावे.

दुष्परिणामांत पहिला दिसतो तो चार्जिंगचा. पावसाळ्यात रात्री मुंब्रा बायपासवर कोंडीत अडकलेल्या ट्रकचे हेडलाइट, वायपर आणि ब्लोअर एकाच वेळी चालू असतात, आणि तेव्हाच अल्टरनेटर सर्वांत सावकाश फिरत असतो. २४ व्होल्टच्या गाडीत व्होल्टेज २६ च्या खाली जात असेल तर बॅटरी भरण्याऐवजी रिकामी होत आहे. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाच्या मानकाच्या) गाड्यांत कमी व्होल्टेजमुळे ईसीयू आणि युरिया डोसिंगचे (धूर स्वच्छ करण्यासाठी युरिया फवारणाऱ्या यंत्रणेचे) दोष डॅशबोर्डवर येऊ शकतात, आणि मेकॅनिक मग भलतीकडेच शोध घेत बसतो. दुसरा परिणाम तापमानाचा आहे: वॉटर पंपाचा प्रवाह वेगाबरोबर घटतो, आणि पंखा त्याच पुलीवर असेल तर हवाही घटते. तिसरा परिणाम केबिनच्या एसीचा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या एन-२ आणि एन-३ वर्गातील (साडेतीन टनांपेक्षा जड) ट्रकांना वातानुकूलित केबिन बंधनकारक झाली आहे; कॉम्प्रेसर सावकाश झाला तर उभ्या गाडीत गारवा कमी पडतो, आणि तो चालकाच्या हक्काचा गारवा आहे.

क्रँक पुली लहान केल्यावर अल्टरनेटरला ५० मिमीची पुली लावून जुने ३ ला १ हे प्रमाण परत आणता येते. मात्र इतक्या लहान पुलीवर पट्ट्याला पकड कमी मिळते, तो अधिक वाकतो आणि लवकर चकाकून घसरू लागतो. उरण रस्त्यावरची धूळ अॅल्युमिनियमच्या खाचा पोलादापेक्षा लवकर झिजवते, म्हणून पोलादी पुलीच घ्यावी.

बसवल्यानंतर पहिल्या आठवड्यात वहीतील सर्व मोजमापे त्याच परिस्थितीत पुन्हा घ्यावीत. आयडलिंगचे व्होल्टेज वर सांगितलेल्या मर्यादेखाली आले, काटा पूर्वीच्या जागेपेक्षा वर स्थिरावला किंवा ब्रेकचे पेडल बदललेले वाटले, यांपैकी एक गोष्ट जरी झाली तरी जुनी पुली आणि जुना पट्टा त्याच दिवशी परत लावावा. त्यासाठी ते दोन्ही भंगारात न देता गाडीच्या टूलबॉक्समध्ये गुंडाळून ठेवावेत. वॉरंटीतील गाडीला मात्र अधिकृत सर्व्हिस सेंटरची लेखी संमती असल्याशिवाय हा बदल करू नये.