प्रीमेड: कॉलेज स्वस्तातलं घ्या, पण जुनी ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक) पाठ सोडत नाही

अमेरिकेत मेडिकल स्कूलच्या आधी कॉलेज करावं लागतं, त्या काळातल्या तयारीला प्रीमेड म्हणतात. आधीच सांगते, मी अजून डॉक्टर झालेले नाही. दुसऱ्यांदा अर्ज केला तेव्हा आत गेले, आता मेडिकल स्कूलचं दुसरं वर्ष चालू आहे आणि जीपीए (ग्रेड्सची 4 पैकी सरासरी) शब्द ऐकला की अजून पोटात गोळा येतो.

नाशिकहून न्यू जर्सीत आलो तेव्हा मी नववीत होते. हायस्कूलनंतर रटगर्स, म्हणजे न्यू जर्सीची सरकारी युनिव्हर्सिटी, इन-स्टेट (राज्यातल्या मुलांसाठीच्या कमी) फीमध्ये मिळत होतं, पण मंडळाच्या गणपतीत सगळे काका विचारायचे "कुठे मिळालं?" आणि रटगर्स म्हटलं की "अच्छा, छान" म्हणून बटाटेवड्याकडे वळायचे. मग काय, परराज्यातलं नावाजलेलं प्रायव्हेट कॉलेज घेतलं, बाबांनी लोन काढलं, आणि पहिल्याच वर्षी केमिस्ट्रीत सी, कॅल्क्युलसमध्ये बी मायनस. वर्षाच्या शेवटी गपचूप सामान बांधून रटगर्सला ट्रान्सफर घेतली.

आता नीट वाचा. ट्रान्सफर केल्यावर क्रेडिट्स (पूर्ण केलेल्या कोर्सचं मोजमाप) नव्या कॉलेजात आले, ग्रेड्स आले नाहीत. नवा जीपीए शून्यापासून सुरू! मी खूश, पाटी कोरी झाली म्हणून. तीन वर्षं घासून 3.8 केला. पण मेडिकल स्कूलचा अर्ज जातो ॲमकासमधून (बहुतेक मेडिकल स्कूल्सची सामाईक अर्जसेवा), आणि त्यांना तुम्ही शिकलेल्या प्रत्येक कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट लागते, हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात केलेल्या ड्युअल एनरोलमेंटच्या कोर्सचीसुद्धा. ते सगळं एकत्र करून स्वतःचा जीपीए काढतात. माझं गणित बघा: पहिली 30 क्रेडिट्स 2.7 ने म्हणजे 81 पॉइंट, पुढची 90 क्रेडिट्स 3.8 ने म्हणजे 342, बेरीज 423, भागिले 120. आला 3.525. सायन्सचा जीपीए वेगळा काढतात, बायो, केम, फिजिक्स, मॅथ्स मिळून, तो तर आणखी खाली. आणि कोर्स रिपीट करून कॉलेजने जुना सी पुसला असेल तरी इथे सी आणि ए दोन्ही धरतात.

ॲमकासचा हा आकडा सांगणारा व्हेरिफिकेशनचा मेल आला तेव्हा मी इंडियन स्टोअरच्या लाइनमध्ये होते, हातात कोथिंबिरीची जुडी. तोवर कुठे कुठे अर्ज करायचा ती सगळी मेडिकल स्कूल्स मी 3.8 धरून निवडून झाली होती. त्या वर्षी एकही इंटरव्ह्यू आला नाही.

मेजरचं फार डोक्याला लावून घेऊ नका. प्रीमेड हे मेजरच नाही. बायो, जनरल आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स, बायोकेम एवढं लॅबसकट झालं की सायन्सपुरतं बहुतेक ठिकाणी चालतं, बाकी इकॉनॉमिक्स करा नाहीतर इतिहास. मी बायोवरून स्टॅटिस्टिक्सला गेले, जीपीए तिथेच सावरला. सात वर्षांचे बीएस-एमडी प्रोग्रॅम (हायस्कूलनंतरच कॉलेज आणि मेडिकल दोन्हीला एकत्र प्रवेश) मिळाले तर उत्तमच, पण त्यासाठी हजारो डॉलर घेणारे कन्सल्टंट मला सरळ लूट वाटतात. एमकॅट (मेडिकलची प्रवेशपरीक्षा) नुकतीच दिलेली एखादी सीनियर ताई कॉफीवर जे सांगेल ते त्यांच्याकडे मिळत नाही.

पैशाचं मात्र आता खरंच जास्त बघा. 1 जुलै 2026 पासून नवीन विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस (पदवीनंतरच्या शिक्षणाचं फेडरल) लोन बंद, मेडिकलसाठी फेडरल लोन वर्षाला 50,000 डॉलर आणि एकूण 2 लाखांपर्यंतच. म्हणजे अंडरग्रॅडला उडवलेले पैसे पुढे जाम नडणार. आणि भारतातून एफ-1 (स्टुडंट व्हिसा) वर येऊन हे करायचा विचार असेल तर आधी थांबा, बरीचशी मेडिकल स्कूल्स एफ-1 वाल्यांना घेतच नाहीत.

आधीच एखादा सी पडला असेल तर रडत बसू नका, चढता आलेख बघतात, माझाही बघितलाच. फक्त आज रात्री एक्सेल उघडा आणि आजवर जिथे जिथे कोर्स केलेत ते सगळे ग्रेड भरून खरा आकडा काढा, तो समरमधला विसरलेला कोर्सही धरून.