फायर पॅनेलजवळ या चुका टाळा

जहाजावर नव्याने आलेल्या ईटीओला (वीज आणि इलेक्ट्रॉनिक्स बघणाऱ्या अधिकाऱ्याला) सायबर सुरक्षा म्हटलं की कुठेतरी बसलेला हॅकर दिसतो. मला दिसतो फायर पॅनेलच्या, म्हणजे आग कुठे लागली ते दाखवणाऱ्या अलार्मच्या पेटीच्या, दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिलेला पासवर्ड. तोही कारखान्यातून आलेला, मॅन्युअलमध्ये छापलेलाच. बदला तो, आणि नवा बंद पाकिटात चीफ इंजिनिअरकडे द्या.

माझं डोकं सर्वांत जास्त फिरतं ते बाहेरच्या लॅपटॉपने. एकदा जहाज ड्राय डॉकमध्ये, पाण्याबाहेर दुरुस्तीला असताना सर्व्हिस इंजिनिअर आला, कायम घाईत. लॅपटॉप जोडला, कॉन्फिगरेशन फाइल (कोणता डिटेक्टर कुठे आहे ते पॅनेलला सांगणारी) चढवली, सही घेतली आणि पसार. पॅनेलवर एकही फॉल्ट नाही, सगळे खूश. मी कॅडेटला म्हटलं, स्मोक टेस्टचा कॅन घे आणि चल. लॉन्ड्रीतल्या डिटेक्टरवर धूर मारला, तर पॅनेल म्हणतं 'पेंट स्टोअर'! फाइल जुनी होती; मधल्या काळात आम्ही लूपवरचे, म्हणजे डिटेक्टर जोडणाऱ्या तारेवरचे, डिटेक्टरचे पत्ते बदलले होते. खरी आग लागली असती तर फायर पार्टी होज घेऊन पुढे फोकसलमधल्या (जहाजाच्या नाकाकडच्या) पेंट स्टोअरकडे धावली असती आणि मागे लॉन्ड्री जळत राहिली असती. ना व्हायरस, ना हॅकर. त्या रात्री आम्ही एकेक डिटेक्टर तपासला, जेवण थंड झालं ते झालंच.

तेव्हापासून कुणी पॅनेलला हात लावायच्या आधी मी चालू फाइलचा बॅकअप तारीख टाकून ठेवतो. पेनड्राइव्ह जहाजाचाच, लाल टेप लावलेला. त्यात सिनेमे सापडले तर कॅडेटची खैर नाही. काम संपलं की प्रत्येक झोनमधला निदान एक डिटेक्टर वाजवून बघतो, मगच सही.

दुसरी चूक, गेटवे, म्हणजे पॅनेलला बाकीच्या यंत्रणांशी जोडणारा डबा. पॅनेलचे अलार्म व्हीडीआरला (जहाजाच्या ब्लॅक बॉक्सला) आणि इंजिन रूमच्या अलार्म सिस्टीमला जातात, बऱ्याच ठिकाणी मॉडबसवर, म्हणजे यंत्रांच्या आपसातल्या बोलण्याच्या एका जुन्या भाषेत. साध्या मॉडबसला पासवर्ड माहीतच नाही. जो बोलेल त्याचं ऐकतो. तरीही एका जहाजावर हा गेटवे क्रूच्या वायफायच्या स्विचमध्ये खोचलेला सापडला. का? 'तिथे पोर्ट रिकामं होतं.'

हॉट वर्कसाठी (वेल्डिंग, कटिंग) पॅनेलवरचा झोन बंद केला तर लॉगमध्ये लिहा, संपताच चालू करा.

आयएसीएसचे (जहाजांचं वर्गीकरण करणाऱ्या संस्थांच्या संघटनेचे) ई26 आणि ई27 हे सायबर सुरक्षेचे नियम 1 जुलै 2024 पासून करार झालेल्या नव्या जहाजांना लागू आहेत, म्हणून जुन्या जहाजावरचे लोक निवांत असतात. पण सायबर जोखीम एसएमएसमध्ये, म्हणजे जहाजाच्या सुरक्षा व्यवस्थापन पद्धतीत घ्या, हे आयएमओने (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने) 2017 सालीच सांगितलंय, आणि 2021 पासून ऑडिटर ते विचारतो. तेव्हा कागदांची फाइल दाखवून भागतं. मी मात्र आधी पॅनेलचं दार उघडून आत काय लिहिलंय ते बघतो.