गिअरबॉक्सचं तेल गळतंय? सील बदलण्याआधी हे बघा

पावसाळा सरून गोव्यात कुळ्याहून दूधसागर धबधब्याच्या जीपा सुरू झाल्या की तिस्क-उसगांवच्या आमच्या गॅरेजमध्ये एक वाक्य सारखं कानावर येतं: "मेस्त्री, गिअरबॉक्सचं सील गेलंय, बदलून टाका." निदान गाडीवाल्याने घरीच करून आणलेलं असतं. सील म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी. ती बदलायला माझी काही हरकत नाही, मजुरी मिळतेच. पण दिवाळीला सील घातलेली गाडी शिगम्याला त्याच जागी ओली होऊन परत येते, आणि मग सील डुप्लिकेट होतं म्हणून शिव्या खायची पाळी सीलवर येते. सील फाटायला बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी कारण असतं. ते कसं शोधायचं, एवढंच सांगतो.

आधी गळतंय ते काय, हे ठरवा. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरा आणि पुढच्या चाकांची जागा त्यावर पेनने खुणावून ठेवा, म्हणजे सकाळी थेंब नेमका कशाखाली पडला ते कळतं. नुसतं पाणी असेल तर एसीचं. आपल्या दमट हवेत ते पडणारच. डिझेल इंजिनाचं ऑइल काळंकुट्ट असतं. मॅन्युअल गिअरबॉक्सचं ऑइल मधासारखं जाड, आणि बोटावर चोळून हुंगलं तर गंधकाचा उग्र दर्प येतो. तो एकदा नाकात बसला की विसरत नाही. ऑटोमॅटिकचं तेल पातळ आणि लाल, जुनं झालं की तपकिरी. पण बऱ्याच गाड्यांत पॉवर स्टिअरिंगमध्येही तसलंच लाल तेल असतं, तेव्हा लाल दिसलं की लगेच गिअरबॉक्सवर आळ घेऊ नका. स्टिअरिंगच्या डब्यातली पातळी आधी बघा. ब्रेक आणि क्लचचं ऑइल फिकट पिवळं, पातळ, आणि रंग लावलेल्या पत्र्यावर सांडलं तर रंग उचलतं.

आता गाडीखाली जायचं. फोर-बाय-फोरचा लिव्हर न्यूट्रलला राहिला असेल तर गाडी गिअरमध्ये ठेवली तरी घरंगळते, हे पुष्कळ जणांना ठाऊक नसतं. हँडब्रेक ओढा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावा. त्याला चिऱ्याचे तुकडे चालतील, पण अॅक्सलखाली टेकू म्हणून चिरा अजिबात नको. तो दिसतो भक्कम, पण वजन एका कोपऱ्यावर आलं की फुटतो. लोखंडी स्टँडच वापरा, आणि सायलेन्सर थंड होऊ द्या.

खाली गेल्यावर लगेच पुसायला घेऊ नका, आधी नीट बघा. आमच्याकडे खाणपट्ट्याची लाल धूळ तेलात भिजून गिअरबॉक्सवर थर धरते. थर जाड आणि सुकट असेल तर तिथलं झिरपणं जुनं आणि सावकाश आहे. त्या थरातून एखादी स्वच्छ, चकचकीत रेघ खाली उतरलेली दिसली तर गळती ताजी आणि जोराची आहे, कारण ते तेल धूळ धुऊन नेतंय. या रेघेचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

मग पटाशीने थर खरवडा, डिझेल आणि जुन्या ब्रशाने सगळं धुऊन कोरडं करा. प्रेशरचं पाणी सीलवर आणि ब्रीदरवर (गिअरबॉक्सची हवा बाहेर सोडणारी टोपी किंवा नळी) थेट मारू नका. कोरड्या झालेल्या सांध्यांवर टाल्कम पावडर फुंकरा. गाडी चांगली तापेपर्यंत फिरवून आणा, थोडा चढही घ्या, आणि परत खाली जा. चालत्या गाडीत वाऱ्याने तेल मागे सरकतं आणि मग खाली ओघळतं. म्हणून थेंब पडतो ती जागा सोडा. पावडर भिजलेली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा शोधा.

जागा सापडली की पाना उचलायच्या आधी ब्रीदर तपासा. गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते, आणि तिला बाहेर पडायला वरच्या अंगाला एक टोपी किंवा रबरी नळी दिलेली असते. ती तुंबली की हवा सीलच्या ओठातून वाट काढते आणि येताना तेल घेऊन येते. नवं सील घातलंत तरी हेच होणार. उलट तापलेली गाडी नदीत घातली की गिअरबॉक्स झटक्यात थंड होऊन आत ओढ तयार होते. ब्रीदर तुंबलेला किंवा पाण्याखाली असला तर पाणी आत जातं. टोपी बोटाने हलते-फिरते का बघा. नळी असेल तर सोडवून तोंडाने फुंका. चिखल तर सापडतोच, पण पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं मी काढलं आहे, आत अळीसकट. नळी वाढवून बॉनेटखाली उंचावर नेऊन बांधणं हा स्वस्तातला इलाज आहे, पाण्यातून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला मी तो सुचवतो.

ब्रीदर मोकळा आहे आणि मागच्या सीलपाशीच ओलं आहे, तर प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा, सोडवा आणि गिअरबॉक्सच्या बाहेर आलेला शाफ्ट हाताने वर-खाली हलवा. थोडा गोल फिरला तर चालतं. वर-खाली खेळला तर बेअरिंग किंवा बुश झिजलंय, आणि ते न बदलता सील घालणं म्हणजे पैसे पाण्यात. सील जिथे घासतं त्या जागेवर नख फिरवा. नख खाचेत अडकलं तर योकही, म्हणजे सील ज्यावर घासतं तो शाफ्टच्या टोकाचा जोडही, बदलावा लागेल.

बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधलं घंटेसारखं कवच) तळच्या भोकातून थेंब येत असेल तर तीन संशयित: इंजिनाचं मागचं सील, गिअरबॉक्सचं पुढचं सील आणि काही गाड्यांत क्लचचा सिलिंडर. रंग आणि वास इथेच कामाला येतो. गिअरबॉक्स उतरवल्यावर कळेल, असं म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

बाहेर थेंबही नाही आणि तरी पातळी उतरते, असंही होतं. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (फोर-बाय-फोरमध्ये पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) एकमेकांना जोडून बसवलेल्या गाड्यांत मधलं सील गेलं की एकाचं तेल दुसऱ्यात जातं. दोन्हींचे भरायचे प्लग उघडा: एक कमी आणि दुसऱ्यातून उघडताच ओतून येतंय, तर दुखणं आतलं. मारुती जिप्सीला हे लागू नाही, तिचा ट्रान्सफर केस वेगळा, मध्ये छोट्या शाफ्टने जोडलेला.

ऑटोमॅटिकमध्ये आधी तेल थंड करणाऱ्या कूलरच्या नळ्या आणि त्यांचे दाबलेले सांधे बघा. इंजिन चालू असतानाच त्या गळतात, उभ्या गाडीत कोरड्या दिसतात. पॅनचे, म्हणजे तळाच्या तेलाच्या भांड्याचे, बोल्ट आवळत सुटू नका, पॅन वाकतं आणि गॅस्केट जास्तच गळतं. तेलाची पातळी गाडीच्या माहितीपुस्तकात दिलेल्या तापमानालाच मोजायची, आणि तेलही त्यात लिहिलेलंच घालायचं.

मॅन्युअल गिअरबॉक्सची पातळी बघताना गाडी सपाटीवर हवी आणि तेल भरायच्या भोकाच्या काठाला लागलेलं हवं. भरायचा प्लग आधी सुटतो का पाहा, मगच खालचा ड्रेन प्लग उघडा. वरचा गंजून बसला असेल तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसाल. निघालेलं तेल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. ते सगळं काढा, त्याच ग्रेडचं स्वस्त तेल भरून थोडं अंतर सावकाश फिरवा, तेही काढा आणि मग चांगलं भरा. दुसऱ्यांदाही दुधाळ निघालं तर पुन्हा एकदा. प्लगला दर वेळी नवा वॉशर घाला.