बास्केटबॉलचा बॉक्स स्कोर वाचायचा कसा? गुणांचा रकाना शेवटी बघा

शाहू स्टेडियमवरून फुटबॉलची मॅच बघून परतणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा. गोल कुणी मारला, पास कुणाचा होता, सगळं तोंडपाठ असतं. गोलच एक-दोन होतात, ते डोक्यात राहतात. बास्केटबॉलमध्ये ते जमत नाही. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या एका मॅचमध्ये एकेक टीम ऐंशी-नव्वद वेळा बास्केटवर बॉल मारते. त्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी साडेसातला सुरू होणारी मॅच हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी सहाला लागते. तेव्हा कोल्हापुरात कुणाचा डबा भरायचा असतो, कुणाला दुकान उघडायचं असतं. मग हाती उरतो तो फोनवरचा आकड्यांचा तक्ता, म्हणजे बॉक्स स्कोर.

तो उघडला की पहिली नजर जाते गुणांवर. ती आवरा आणि मिनिटांपासून सुरुवात करा. मॅच ४८ मिनिटांची, मैदानावर एका टीमचे पाच जण, म्हणून टीमच्या मिनिटांची बेरीज २४० येते. २६५ दिसली तर एक ओव्हरटाइम, म्हणजे बरोबरी झाल्यावरची जादा पाच मिनिटं, झाला असं समजा. नावापुढे डीएनपी असेल तर तो गडी मैदानात उतरलाच नाही. १८ मिनिटांत १२ गुण करणारा आणि ३८ मिनिटांत १४ करणारा, यांतला कोण भारी हे मिनिटं बघितल्याशिवाय कळत नाही.

आता शॉटचे रकाने. इथं घाई करू नका, अर्धी मॅच इथंच लपलेली असते. २२ जानेवारी २००६ ला कोबी ब्रायंटनं टोरंटोविरुद्ध ८१ गुण केले. त्याची ओळ अशी:

मिनिटं ४२, फील्ड गोल २८-४६, थ्री ७-१३, फ्री थ्रो १८-२०, गुण ८१.

फील्ड गोल म्हणजे चालू खेळात मारलेले शॉट, थ्री म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून मारलेला तीन गुणांचा शॉट, फ्री थ्रो म्हणजे फाऊलनंतर मिळणारा एका गुणाचा मोकळा शॉट. २८-४६ म्हणजे ४६ वेळा मारले, २८ आत गेले. नवखा माणूस हमखास अडकतो तो पुढच्या आकड्यात. थ्रीचे ७ हे त्या २८ मध्येच धरलेले असतात, वेगळे नसतात. म्हणजे दोन गुणांचे २१, त्यांचे ४२. थ्रीचे ७, त्यांचे २१. फ्री थ्रोचे १८. बेरीज ८१. हा हिशेब एकदा हातानं करून बघा, परत कधी गोंधळ होणार नाही.

अजून एक बारकावा. शॉट मारताना फाऊल झाला आणि बॉल आत गेला नाही, तर तो शॉट मोजतच नाहीत, फक्त फ्री थ्रो मोजतात. आत गेला तर मात्र शॉटही मोजतात आणि वर एक फ्री थ्रोही मिळतो. त्यामुळे 'शॉट कमी, गुण जास्त' दिसलं की फ्री थ्रोचा रकाना बघा. तो गडी आत घुसून फाऊल काढत होता.

नुसत्या टक्केवारीवर जाऊ नका. थ्री मारणाऱ्याची टक्केवारी कमीच दिसते, पण त्याचा प्रत्येक बॉल दीडपट किमतीचा असतो. म्हणून थ्री आणि फ्री थ्रोही हिशेबात धरणारी टक्केवारी, म्हणजे ट्रू शूटिंग, काढतात (यातलं ०.४४ कुठून आलं ते पुढे सांगतो): फ्री थ्रोच्या प्रयत्नांना ०.४४ ने गुणा, त्यात शॉटचे प्रयत्न मिळवा, आलेल्या बेरजेची दुप्पट करा आणि गुणांना तिनं भागा. कोबीचं येतं जवळपास ७४ टक्के. २ मार्च १९६२ ला विल्ट चेंबरलेननं १०० गुण केले ते फील्ड गोल ३६-६३ आणि फ्री थ्रो २८-३२ असे. त्याचं येतं ६५ टक्क्यांच्या आसपास. तेव्हा थ्रीची रेषाच नव्हती, एनबीएत ती १९७९-८० च्या सीझनपासून आली, हेही ध्यानात ठेवा. तरी कट्ट्यावर '१०० मोठे की ८१' हा वाद निघालाच, तर माझं मत कोबीला.

रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं), असिस्ट (ज्या पासवर बास्केट झाली तो), स्टील (बॉल हिसकावणं), ब्लॉक (शॉट अडवणं) हे रकाने वाचायला सोपे. त्यातला असिस्ट जरा जपून घ्या, कारण पास शॉटपर्यंत थेट पोचला की नाही हे नोंद करणारा ठरवतो. टर्नओव्हर, म्हणजे शॉट न मारताच बॉल समोरच्या टीमला घालवणं, हा रकाना मात्र चुकवू नका. दहा असिस्ट आणि सात टर्नओव्हर म्हणजे गड्यानं दिलं तेवढं बरंचसं घालवलंही.

प्लस-मायनस म्हणजे तो खेळाडू मैदानात असताना टीम कितीनं पुढे गेली किंवा मागे पडली. एका मॅचपुरता हा आकडा मी तरी मानत नाही. साधा खेळाडू चार भारी गड्यांबरोबर उतरला तरी त्याच्यापुढे प्लस वीस लागतो.

टीमसाठी एकच हिशेब पुरेसा आहे: बॉल किती वेळा हातात आला आणि त्याचं काय केलं. शॉटचे प्रयत्न, अधिक फ्री थ्रोचे ०.४४ पट, अधिक टर्नओव्हर, वजा ऑफेन्सिव्ह रिबाउंड (आपल्याच चुकलेल्या शॉटचा बॉल परत मिळवणं). समजा ८८ शॉट, २५ फ्री थ्रो, १४ टर्नओव्हर आणि १० ऑफेन्सिव्ह रिबाउंड. ८८ + ११ + १४ − १० = १०३ वेळा बॉल मिळाला. गुण ११० झाले असतील तर शंभर वेळांमागे जवळपास १०७. हे ०.४४ कशाला? फ्री थ्रो दोन-दोनच मिळतात असं नाही. बास्केट होऊन एक मिळतो, थ्रीवर फाऊल झाला तर तीन मिळतात. म्हणून सरसकट निम्मे न धरता हा अंदाज वापरतात. हा आकडा दोन्ही टीमचा काढा आणि मग टर्नओव्हर, ऑफेन्सिव्ह रिबाउंड शेजारी ठेवा. हरलेली टीम कुठं गळली ते तिथं दिसतं.

हात बसवायचा असेल तर आपल्याकडच्या एखाद्या कॉलेज मॅचला वही घेऊन जा. फिबा या बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेच्या नियमांत दहा-दहा मिनिटांची चार क्वार्टर असतात, म्हणजे मिनिटांची बेरीज २०० येते. एकट्यानं सगळं टिपता येत नाही. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं लिहायचं: 'सात नंबर, थ्री, गेला नाही. रिबाउंड अकरा नंबरचा.' पहिल्या दिवशी शॉट, फ्री थ्रो आणि टर्नओव्हर एवढंच घ्या, मिनिटं सोडून द्या. प्रत्येक क्वार्टरनंतर वहीची बेरीज स्कोरबोर्डशी ताडून बघा. एकाचा फरक आला तर बहुतेक वेळा कुठलातरी थ्री दोनाचा म्हणून लिहिलेला असतो, नाहीतर एखादा फ्री थ्रो राहिलेला असतो.