गणपतीच्या रजेआधी हजेरी मोजा

चतुर्थी जवळ आली की लोट्याच्या एमआयडीसीत आणि कुडाळच्या काजू कारखान्यांत एकच कुजबुज: साहेब रजा देतील का? रजा साहेबांच्या मर्जीवर नसते, कमावलेली असते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत वर्षाला 240 दिवस भरण्याची जुनी अट 180 दिवसांवर आली. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी दर 20 दिवसांच्या कामामागे एक पगारी रजा. म्हणजे 220 हजेऱ्या भरल्या, तर 11 दिवस.

खरी मेख लेऑफमध्ये, म्हणजे काम नसल्याने मालकाने तात्पुरतं घरी बसवण्यात आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, मच्छी प्रक्रियेचं काम थंडावतं. मालकाने त्या काळात रीतसर लेऑफ दिला असेल, तर ते दिवस 180 च्या हिशेबात धरले जातात. मात्र त्या दिवसांवर रजा साठत नाही. नुसतंच ‘उद्यापासून येऊ नका’ म्हटलं असेल तर भांडायला कागद हवा, म्हणून लेखी मागाच.

रजेच्या मध्ये आलेली सुट्टी रजेतून कापायची नाही. पगाराच्या चिठ्ठीवर हे नक्की बघा, चूक बहुधा इथेच सापडते. उरलेली रजा 30 दिवसांपर्यंत पुढच्या वर्षी जाते. पण अर्ज करूनही नाकारलेल्या रजेला ही मर्यादा नाही. त्यामुळे तोंडी विचारू नका. अर्ज द्या आणि पोचवर तारखेसह सही घ्या.