‘पीई आठच आहे, घेऊ काय?’

नवं डीमॅट खातं उघडलं की कोल्हापुरात हा प्रश्न ठरलेला; पीई म्हणजे शेअरचा भाव प्रतिशेअर नफ्याच्या किती पट आहे, तो आकडा. त्याच्या आधीचा प्रश्न असतो, ‘वीस रुपयांचा शेअर स्वस्त ना?’ तो लगेच मिटतो. मार्केट यार्डातल्या सौद्यात गुळाचा भाव क्विंटलवर बोलतात, कारण रवा, म्हणजे गुळाची ढेप, दहा किलोचाही असतो आणि तीसचाही. शेअरचंही तसंच आहे. एकूण शेअर गुणिले भाव, म्हणजे अख्ख्या कंपनीची किंमत किती, ते आधी काढा. लाभांशातही हीच गल्लत होते. ‘५० टक्के लाभांश’ हा दर्शनी किमतीवर (फेस व्हॅल्यूवर) असतो, बाजारभावावर नाही. १० रुपये दर्शनी असेल तर हातात येतात ५ रुपये. शेअर १८० ला घेतला असेल, तर तो परतावा पावणेतीन टक्क्यांच्या आसपास.

आता पीई. भाव भागिले ईपीएस; ईपीएस म्हणजे प्रतिशेअर नफा. भागाकार कुणालाही येतो, फसवतो तो खालचा आकडा. समजा कंपनीचे २ कोटी शेअर आहेत, वर्षाचा निव्वळ नफा २४ कोटी आणि भाव १८०. ईपीएस १२, पीई १५. बरा वाटतो. पण निकालाच्या तळटिपेत लिहिलेलं असतं की जुनी जागा विकून करानंतर ९ कोटी मिळाले. ती जागा पुढच्या वर्षी पुन्हा विकता येणार नाही. ते ९ काढले की नफा १५ कोटी, ईपीएस साडेसात आणि पीई थेट २४. म्हणून ‘अपवादात्मक बाबी’ आणि ‘इतर उत्पन्न’ या दोन ओळी वाचल्याशिवाय पीई मोजायचाच नाही. उपकंपन्या असतील तर आकडे एकत्रित निकालातले घ्या. बोनसनंतरही घोळ होतो. १:१ बोनसनं, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक फुकट शेअर मिळाला की, भाव निम्मा होतो, पण एखाद्या ॲपवर ईपीएस जुनाच राहतो आणि पीई फुकटात अर्धा दिसतो.

एका तिमाहीचा नफा गुणिले चार, हा हिशेब साखरेच्या कंपनीला तर अजिबात लावू नका. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन साधारण मार्चपर्यंत चालतं, साखर मात्र वर्षभर विकली जाते. तिमाहीची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करा आणि ईपीएस सलग चार तिमाहींची बेरीज करून घ्या.

आणि आठचा पीई? फाउंड्रीवाल्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या गावात हे खरं तर सांगावं लागू नये. ट्रॅक्टर-ट्रकची मागणी जोरात असली की शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतल्या भट्ट्या तिन्ही पाळ्यांत चालतात, नफा फुगतो आणि कास्टिंग कंपन्यांचा पीई सात-आठवर येतो. मंदीत वीजबिलातला स्थिर आकार, व्याज, पगार तेवढेच राहतात. नफा आटतो आणि तोच पीई पन्नास-साठ दिसतो. म्हणजे चढ-उताराच्या धंद्यात कमी पीई बऱ्याचदा शिखरावर भेटतो. इथं सात-आठ वर्षांच्या सरासरी नफ्यावर भाव ताडून बघायचा. कर्जही मोजा, कारण ३६० कोटींच्या कंपनीवर १४० कोटींचं कर्ज असेल तर धंद्याची किंमत ३६० नसून ५०० कोटी आहे. त्यातून हातातली रोकड तेवढी वजा करा.

नफा खरोखर वसूल झाला का, हे रोख प्रवाहाच्या पत्रकात दिसतं. पाच वर्षांचा निव्वळ नफा एकीकडे, कामकाजातून आलेली रोकड दुसरीकडे, अशा दोन बेरजा करा. रोकड सतत मागे पडत असेल तर येणी, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे, बघा. २०० कोटींच्या विक्रीवर ५० कोटी येणी म्हणजे सुमारे ९१ दिवसांची उधारी. गेल्या वर्षी ती ६० होती का? मग माल ढकलला जातोय की गिऱ्हाईक अडकलंय, ते शोधा. हे पत्रक दर तिमाहीला येत नाही, सप्टेंबर आणि मार्चच्या निकालांसोबत येतं. सप्टेंबरचे निकाल ४५ दिवसांत, वार्षिक ६० दिवसांत जाहीर करावे लागतात. तेवढं थांबायला हरकत नसते.

‘नफा वाढला तरी शेअर का पडला?’ हेही नेहमी विचारतात. भावात नफ्याची समजा २५ टक्के वाढ आधीच धरलेली असते आणि निकाल १५ टक्के दाखवतो. कंपनीचं काही बिघडलेलं नसतं, महाग घेतलेल्याचं बिघडतं.