प्लॅनिंगचा सिलॅबस कसा वाचायचा

टाउन प्लॅनिंगला, म्हणजे नगररचनेच्या कोर्सला, ॲडमिशन घ्यायच्या आधी कॉलेजचं नाव बाजूला ठेवा आणि सरळ सिलॅबस उघडा, पहिलं बघा स्टुडिओला, म्हणजे ड्रॉइंग-डिझाइनच्या प्रॅक्टिकलला, किती क्रेडिट आहेत, कारण १९०९ ला लिव्हरपूल युनिव्हर्सिटीत हा विषय सुरू झाला तो आर्किटेक्चरच्याच सावलीत, नकाशे नि ड्रॉइंग करत, आणि ती सवय अजून बऱ्याच ठिकाणी आहे. मग फील्ड सर्व्हे शोधा. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस १९१९ ला मुंबई विद्यापीठात आले ते सोशिऑलॉजी आणि सिव्हिक्स शिकवायला, आधी शहर पायी फिरून समजून घ्या मग प्लॅन करा हे त्यांचं म्हणणं, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. सर्व्हेच नसेल तर तो कोर्स घेऊ नका. रीजनल प्लॅनिंग, इकॉनॉमिक्स, जीआयएस (कॉम्प्युटरवर नकाशे आणि त्यावरची माहिती हाताळणं) यांचे वेगळे पेपर आहेत का तेही बघा, आणि सीनियर्सना विचारा की सर्व्हेसाठी खेड्यात नेतात का.